दिव्यांगांसाठी खेळ आणि विरंगुळा: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मला लहानपणी पोलिओ झाला, डाव्या पायात कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारी पट्ट्यांची चौकट, आहे. गेली वीसेक वर्षं सांगलीत मी दिव्यांग मुलांना आणि मोठ्यांना पोहायला शिकवते. रविवारी सकाळी मैदानावर आमचा पंधरा-वीस जणांचा गट जमतो. फोनवर, तलावाच्या काठावर, एसटी स्टँडवरसुद्धा लोक तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. पोलिओ, कापलेला हात किंवा पाय, मणक्याची इजा आणि सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणं) एवढ्यापुरतंच हे आहे. दृष्टिहीन आणि कर्णबधिर खेळाडूंच्या गरजा वेगळ्या, त्यावर त्यांच्यातल्याच जाणत्या माणसांनी लिहावं.

मुलगा आठवीत आहे. पीटीच्या तासाला त्याला दप्तरं सांभाळायला वर्गात बसवतात. काय करू?

सातवीपर्यंत मीही दप्तरं सांभाळली आहेत. खिडकीतून मैदान दिसायचं, म्हणून ती जागा मला अजून आठवते.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १६मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की शाळेनं भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि शिक्षणासोबत खेळाची आणि करमणुकीची संधीही इतरांच्या बरोबरीनं द्यायची. त्यामुळे मुख्याध्यापकांकडे जाताना उपकार मागायला चाललोय असं मनात आणू नका. साधा, नम्र अर्ज लिहून द्या आणि त्याची पोच घ्या.

तरी माझा अनुभव सांगते. बहुतेक पीटीचे सर दुष्ट नसतात, घाबरलेले असतात. पोरगा पडला, हाड मोडलं तर जबाबदार कोण, ही त्यांची धास्ती. म्हणून अर्जासोबत मुलाला काय काय जमतं ते लिहून द्या. बसून चेंडूफेक जमते, गोळा जमतो, दंडाचे व्यायाम जमतात. लगोरीत नेम धरायला पाय लागत नाहीत, लगोरी रचायला दुसरा भिडू पळेल. आमच्या गल्लीत बॅटिंग माझी आणि पळणार चुलतभाऊ, असा नियम होता. तो कुणा मोठ्या माणसानं शिकवला नव्हता, पोरांनीच ठरवला होता. आणि तो पळताना आउट झाला की भांडण मात्र माझ्याशी व्हायचं. त्या भांडणात मी होते याचा मला आजही आनंद आहे.

पॅरा स्पोर्ट्स म्हणजे वेगळे खेळ असतात का?

काही वेगळे असतात, पण बहुतेक आपल्या ओळखीचेच. फक्त नियम शरीराला जुळवून घेतलेले असतात. व्हीलचेअर टेनिसमध्ये चेंडूचे दोन टप्पे चालतात, एवढाच काय तो मोठा फरक. व्हीलचेअर बास्केटबॉलची रिंग नेहमीच्याच उंचीवर असते, ३.०५ मीटर. चेंडू मांडीवर घेऊन चाकांना दोनदा ढकललं की तो टप्पा मारावाच लागतो. सिटिंग व्हॉलीबॉलमध्ये जाळी खाली येते (पुरुषांसाठी १.१५ मीटर, महिलांसाठी १.०५) आणि चेंडू मारताना बूड जमिनीवरून उचलायचं नाही. सोपं वाटतं ना? बुडावर सरकत सरकत दहा मिनिटं खेळून बघा, दंड आणि पोट दोन्ही बोलायला लागतात.

बोशिया मात्र मुळातच वेगळा. पांढऱ्या चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ आपले चेंडू न्यायचे, एकाचे सहा लाल, दुसऱ्याचे सहा निळे. ज्याला हातानं फेकताच येत नाही तो उतरत्या पन्हळीवरून चेंडू सोडतो. हातपाय अजिबात ऐकत नाहीत अशा मुलांना हा खेळ दाखवा, त्यांच्या डोक्यात केवढे डावपेच असतात ते पहिल्यांदा दिसेल.

पॅरा स्पोर्ट्सची सुरुवात इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात झाली. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन झालं त्याच दिवशी, डॉ. लुडविग गुटमन यांनी मणक्याला इजा झालेल्या १६ माजी सैनिकांची, त्यात महिलाही होत्या, धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. पहिलं पॅरालिंपिक, म्हणजे दिव्यांग खेळाडूंचं ऑलिंपिक, १९६०मध्ये रोमला झालं. आणि बारा वर्षांनी, १९७२मध्ये, जर्मनीतल्या हायडेलबर्गला आमच्या सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांनी ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात ३७.३३ सेकंदांत सुवर्ण जिंकलं. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेला, मूळचा बॉक्सिंग खेळणारा जवान. भारताचं ते पहिलं वैयक्तिक पॅरालिंपिक सुवर्ण. पद्मश्री मिळायला मात्र २०१८ उजाडलं.

कोणता खेळ निवडावा?

आधी त्याला किंवा तिला काय आवडतं ते विचारा. हे मी मुद्दाम आधी लिहिते, कारण पालक प्रमाणपत्र घेऊन येतात आणि विचारतात, "ताई, याच्यात कुठल्या खेळात मेडल आहे?" आणि पोरगा शेजारी मान खाली घालून बसलेला असतो.

त्यानंतर शरीर बघायचं. पायांत ताकद नाही पण हात भक्कम आहेत, तर पोहणं, बसून गोळाफेक किंवा भालाफेक, नेमबाजी, व्हीलचेअरचे खेळ, पॉवरलिफ्टिंग. पॉवरलिफ्टिंग म्हणजे इथं फक्त बेंच प्रेस. बाक नेहमीपेक्षा लांब आणि रुंद असतो, पाय त्यावरच लांब ठेवायचे आणि पट्ट्यानं बांधता येतात. गावोगावी व्यायामशाळा आहेत, त्यामुळे खेड्यातल्या मुलाला हा खेळ परवडतो.

एक हात नाही किंवा निकामी आहे, तर धावणं, उड्या, गोळाफेक, बॅडमिंटन सगळं मोकळं आहे. आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे सचिन खिलारी २०२४च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये एफ ४६ गटात (हात अधू असलेल्यांच्या) १६.३२ मीटर गोळा टाकून रौप्य घेऊन आले. शाळेत असताना सायकलवरून पडण्याचं निमित्त झालं आणि डावा हात कायमचा अधू झाला. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याकडचा दिलीप गावित एकाच हातानिशी ४०० मीटर पळतो. हांगझोच्या पॅरा एशियाडमध्ये त्याला सुवर्ण मिळालं. दोन्ही हात नसले तरी? करमाळ्याच्या सुयश जाधवचे दोन्ही हात शाळकरी वयात विजेच्या धक्क्यानं गेले. त्यानं २०१८च्या पॅरा एशियाडमध्ये ५० मीटर बटरफ्लायचं सुवर्ण जिंकलं.

खर्चाचं म्हणाल तर बसून गोळा टाकायला लागणारी खुर्ची आम्ही ओळखीच्या वेल्डरकडून बनवून घेतली. नियमात उशीसकट उंची ७५ सेंटिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, तेवढं त्याला खडूनं भिंतीवर खूण करून दाखवलं. चौकोनी पाइप, मांड्या बांधायला मालवाहू रिक्षावाले वापरतात तसे पट्टे, आणि खाली जमिनीत खुंट्या ठोकायला कड्या. पहिल्या दिवशी खुंट्या कमी ठोकल्या होत्या, तर गोळा पुढं गेला आणि खुर्ची मागं. आता आधी दोघं जण ती हलवून बघतात, मगच कुणी बसतं.

पाय अजिबात हलत नाहीत. तरी पोहता येईल?

येईल. सुरुवात करायला पाण्यासारखी जागा नाही, कारण तिथं तोल सांभाळायचं काम पाणी करतं.

मी मामाच्या मळ्यातल्या विहिरीत शिकले. पाठीला वाळका भोपळा बांधून मामानं मला पायऱ्यांवरून पाण्यात सोडलं, आणि पहिली गोष्ट कळली ती अशी की माझा बारका पाय वर येतोय. स्नायू वाळलेला पाय हलका असतो, तो तरंगतो आणि अख्खं अंग एका बाजूला कलंडतं. मामा ओरडायचा, "सरळ राहा की गं!" पण राहणार कसं? पुढं कळलं की दोन्ही मांड्यांच्या मध्ये फोमचा तुकडा धरला किंवा घोटे सैलसर एकत्र बांधले की अंग सरळ राहतं. घोटे बांधायचे ते शिकवणारा पाण्यात हाताच्या अंतरावर असेल तेव्हाच, एकट्यानं कधीच नाही.

शिकवताना माझा क्रम ठरलेला आहे. आधी तोंड बुडवून श्वास सोडणं. मग पाठीवर तरंगणं. मग पालथ्याचं उताणं होणं, म्हणजे दम लागला की स्वतःला उलटवून आभाळाकडं बघता आलं पाहिजे. हे पक्कं झाल्याशिवाय मी हात मारायला शिकवत नाही, पालक कितीही घाई करोत. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांना थंड पाण्यात कडकपणा वाढतो, म्हणून त्यांना थंडीत पहाटे आणू नका, ऊन तापल्यावर आणा. फिट येत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरवूच नका आणि मला लपवू नका.

पायांना संवेदना नसेल तर पाण्यातसुद्धा मोजे घाला. तलावाच्या फरशीच्या कडा पाय सोलतात आणि पाण्याबाहेर येईपर्यंत पत्ता लागत नाही. मे महिन्यात काठाची फरशी तापलेली असते. तिच्यावर आधी आपला हात टेकवून बघा.

मणक्याला इजा झाली आहे. खेळताना काय जपायचं?

इथं मी जरा लांबण लावणार आहे, कारण यातल्या चुका जिवावर बेततात.

पहिली गोष्ट बेडसोर, म्हणजे एकाच जागी भार पडून होणारी जखम. खेळाच्या नादात माणूस तासन्‌तास एका बैठकीत राहतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचलायचं किंवा पुढं, बाजूला झुकायचं. घरी गेल्यावर आरशात किंवा घरच्यांकडून बूड, माकडहाड, टाचा बघून घ्यायच्या. लाल डाग दाबल्यावरही फिका पडत नसेल तर त्या जागेवरचा भार पूर्ण काढायचा आणि खेळ बंद. एक सोर चिघळला तर महिनोन्‌महिने पालथं पडून राहावं लागतं.

दुसरी, ऊन. इजेच्या खालच्या भागाला नीट घाम येत नाही, त्यामुळे अंग आतून तापत जातं आणि वरून कळत नाही. इजा मानेजवळची असेल तर फारच जपा. एप्रिल-मेमध्ये आम्ही सकाळी आठच्या आत आवरतो. पाण्याचा फवारा आणि ओला टॉवेल सोबत असतो.

तिसरी, आणि ही घरातल्या सगळ्यांना माहीत हवी. इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल (डॉक्टरांच्या कागदावर टी ६ किंवा त्याच्या वरचा, म्हणजे मानेकडचा, मणका लिहिलेला असतो) तर रक्तदाब एकाएकी भडकू शकतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, इजेच्या वर घाम फुटतो. अशा वेळी आडवं करू नका. ताठ बसवा, पाय खाली सोडा, पट्टे आणि कपडे सैल करा, लघवीची नळी मुडपली आहे का, पिशवी भरली आहे का ते लगेच बघा. बहुतेकदा कारण तेच असतं. ते सापडलं नाही किंवा दुखणं थांबलं नाही तर थेट दवाखाना.

आणि खांदे. व्हीलचेअरवरच्या माणसाचे खांदे हेच पाय असतात. दिवसभर चाक पुढं ढकलून छातीचे स्नायू आखडतात, म्हणून व्यायाम ओढण्याचे जास्त करा: रबर दाराला अडकवून मागं ओढणं, दोन्ही खांद्यांची पाती एकमेकांजवळ आणणं. चाक ढकलताना छोटे छोटे झटके देऊ नका, लांब हात फिरवा.

पोलिओ झालेल्यांनी खूप व्यायाम केला तर ताकद वाढते ना?

माझ्या पिढीला हेच सांगितलं गेलं, घाम गाळा. पण पोलिओ होऊन तीस-चाळीस वर्षं झाली की उरलेले स्नायू पुन्हा थकायला लागतात, चांगल्या पायातही. अति व्यायामानं ते आणखी ढासळतात. दुसऱ्या दिवशी सकाळी थकवा उरला असेल तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजायचं. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मध्ये सापडला आणि २७ मार्च २०१४ला भारत पोलिओमुक्त ठरला, त्यामुळे तरुण डॉक्टरांनी पोलिओ फारसा पाहिलेलाच नाही. आपलं आपणच नीट सांगावं लागतं.

नेहमीची व्हीलचेअर किंवा जयपूर फूट खेळायला चालतो का?

सुरुवातीला चालतो. दवाखान्यातली घडीची खुर्ची जड असते आणि जोरात वळली की कलंडते. खेळाच्या खुर्चीची चाकं वरून आत, खालून बाहेर अशी तिरकी असतात आणि मागं उलटू नये म्हणून छोटं चाक असतं. ती महाग, म्हणून वर्षभर खेळून आवड टिकली तरच घ्या.

जयपूर फूट उकिडवं बसायला, शेतात चिखलात चालायला, सायकल मारायला बनवला आहे आणि त्यात तो फार गुणी आहे. वेगानं पळायला वाकलेल्या पात्यासारखा वेगळा पाय, म्हणजे ब्लेड, लागतो. स्टंपवर (पायाच्या उरलेल्या टोकावर) पुरळ किंवा फोड असेल त्या दिवशी कृत्रिम पाय काढून ठेवा आणि बसून खेळा. घामानं सॉकेट (स्टंप बसतो ती वाटी) घसरतं, जादा सुती मोजे जवळ असू द्या. मुंबईत वाढलेल्या मानसी जोशीचा डावा पाय २०११च्या अपघातात गेला. कृत्रिम पायावर खेळून ती २०१९मध्ये बासेलला बॅडमिंटनची जगज्जेती झाली. तिच्या एसएल ३ गटात (पाय अधू असून उभ्यानं खेळणाऱ्यांच्या) एकेरी सामना अर्ध्या कोर्टवर होतो, हेही नियम जुळवून घेणंच.

मुलाचं प्रमाणपत्र ६० टक्क्यांचं आहे. मग त्याचा गट कोणता?

टक्क्यांचा आणि खेळातल्या गटाचा संबंध नाही. हा गोंधळ इतका आहे की मी फलकावर लिहून ठेवलंय. टक्के जिल्हा रुग्णालयातलं वैद्यकीय मंडळ ठरवतं आणि ते सरकारी सवलतींसाठी असतात. खेळातला गट ठरवणारे तज्ज्ञ वेगळे. शरीराचं अमुक काम त्या विशिष्ट खेळात किती अडतं ते बघतात, म्हणून एकाच माणसाचा पोहण्यातला आणि मैदानी खेळातला गट वेगळा येतो.

मैदानी खेळात टी म्हणजे ट्रॅक, एफ म्हणजे फील्ड. ३१ ते ३८ सेरेब्रल पाल्सीसारख्या त्रासांसाठी, ४० आणि ४१ कमी उंचीसाठी, ४२ ते ४४ कृत्रिम पायाविना खेळणारे, ४५ ते ४७ हातांचे, ५१ ते ५७ बसून खेळणारे, ६१ ते ६४ कृत्रिम पायावर खेळणारे. नांदेडची भाग्यश्री जाधव एफ ३४मध्ये गोळा टाकते, पॅरिसच्या उद्घाटनात तिरंगा तिच्या आणि भालाफेकपटू सुमित अंतिलच्या हातात होता.

गट बदलूही शकतो. टोकियोत विनोद कुमार यांनी थाळीफेकीत कांस्य मिळवलं आणि वर्गीकरणात न बसल्यानं ते पदक गेलं. म्हणून सगळे वैद्यकीय कागद जपा, तपासणीच्या वेळी काहीही वाढवून किंवा लपवून सांगू नका आणि मुलाला आधीच सांगून ठेवा की गट आपल्या हातात नसतो.

कागदपत्रं कोणती? नोकरीत फायदा होतो?

आधी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढा. सवलतींसाठी किमान ४० टक्के लागतात. त्यावर एसटीच्या तिकिटात ७५ टक्के सवलत मिळते, आणि सरावाला रोज ये-जा करायची तर हेच पैसे मोठे असतात. स्पर्धा जिल्हा, राज्य आणि मग पॅरालिंपिक कमिटी ऑफ इंडियाची राष्ट्रीय, या वाटेनं. २०२३पासून खेलो इंडिया पॅरा गेम्सही आहेत. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यात दिव्यांग खेळाडूही येतात. पण नोकरीसाठी म्हणून पोराला खेळात घालू नका. दोन वर्षांत नोकरी नाही मिळाली की त्याचं मैदान बंद करणारे बाप मी पाहिले आहेत.

माझं वय पस्तीस. उशीर झाला का?

नाही. नागालँडचे होकाटो होतोझे सेमा सैन्यात होते, २००२मध्ये पाय गेला. पुण्याला खडकीच्या आर्मी पॅरालिंपिक नोडमध्ये २०१६ साली, बत्तिसाव्या वर्षी त्यांनी गोळा हातात घेतला आणि चाळिसाव्या वर्षी पॅरिसला कांस्य मिळवलं. आणि पदक नको असेल तर वयाचा प्रश्नच कुठे येतो?

मुलगी वयात आली आहे. तलावावर कशी पाठवू?

पोहण्याचा पोशाख, परका कोच, कपडे बदलायची जागा, पाळी, एवढी सगळी काळजी "कशी पाठवू" या दोन शब्दांत असते. गुडघ्यापर्यंतचा आणि पूर्ण बाह्यांचा पोशाख मिळतो, तो चालतो. कॅलिपर काढून पाण्यापर्यंत उचलून न्यावं लागत असेल तर कोण उचलणार हे मुलीला विचारून ठरवा, तिच्यासमोर दुसऱ्यांनी ठरवू नका. नाव घालण्याआधी एकदा जाऊन संडास बघून या. दार किती रुंद आहे, आत कडी लागते का, धरायला दांडा आहे का. संडास नाही म्हणून दिवसभर पाणी न पिता खेळणाऱ्या मुली मला माहीत आहेत, त्यांना लघवीचा संसर्ग होतो आणि खेळ सुटतो. माझ्या मते कोचपेक्षा आधी संडास बघावा.

तलावावर प्रवेश नाकारला तर?

एका तलावावर मला सांगितलं होतं, "इतर मेंबर्सना बरं वाटत नाही." माझं कॅलिपर भिंतीशी टेकवलेलं होतं, बुटासकट, वर टॉवेल टाकून. ते कुणाला तरी बघवत नव्हतं. मी त्या दिवशी गप्प घरी आले, हे चुकलं. आता मी नकार लेखी मागते. लेखी मागितला की निम्मे नकार तिथंच विरतात. उरलेल्यांसाठी त्याच २०१६च्या कायद्याचं कलम ३० आहे, खेळांच्या सुविधा सगळ्यांना वापरता येतील अशा करायला ते सांगतं. तक्रार दिव्यांग आयुक्तांकडे करता येते.

स्पर्धा नकोच. नुसतं मजेसाठी काय करता येईल?

कॅरम. बोर्ड व्हीलचेअरच्या हातांच्या वर येईल एवढा उंच स्टँड घ्या आणि तासभर कुणाला हाक मारू नका. बुद्धिबळ, पतंग, मासे धरणं, गाण्यांच्या भेंड्या, सगळं आलं. रायगडावर आम्ही रोपवेनं गेलो. वर गेल्यावर पायऱ्या आहेतच, खुर्ची उचलायला चार माणसं लागली, पण गटातल्या साठीच्या काकांनी होळीच्या माळावर खुर्ची थांबवली आणि वीस मिनिटं कुणाशी बोलले नाहीत. गोव्यात जानेवारी २०२३मध्ये पणजीला पहिला पर्पल फेस्ट झाला, दिव्यांगांसाठीचाच महोत्सव. समुद्रावर जाताना लक्षात ठेवा, साधी व्हीलचेअर वाळूत रुतते. फुग्यासारख्या रुंद चाकांची खुर्ची मिळते का ते आधी फोन करून विचारा.

घरच्यांनी काय करू नये?

पडल्या पडल्या उचलायला धावू नये. दहापर्यंत मोजा. बहुतेक जण सातच्या आत स्वतःच उठायला लागतात.

पहिल्या दिवशी सोबत काय आणू?

दोन टॉवेल, मोजे, पाण्याची बाटली, केळं, रोजची औषधं, डॉक्टरांचा कागद. कॅथेटर (लघवीची नळी) वापरत असाल तर एक जादा. खुर्चीच्या चाकात हवा भरून या. सोबत एक माणूस आणा, पण त्याला काठावरच्या बाकावर बसायला सांगा. आणि अर्धा तास आधी या, कारण कॅलिपर सोडायला वेळ लागतो आणि त्यात कुणी घाई केलेली मला चालत नाही.